सोडियम १३२ आणि साखर ४००

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू माझं ऐकून घेतलंस, पण पटलेलं दिसलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडियम १३२ आलं म्हणून जेवणात वरून मीठ घ्यायला लागलायस, ते आधी बंद कर. त्याच रिपोर्टवर साखर ४०० आहे, ती बघ.

साखर एवढी चढली की ती पेशींमधलं पाणी रक्तात ओढून आणते. पाणी वाढलं की सोडियम विरळ होतं आणि आकडा उतरतो. म्हणून डॉक्टर एक ढोबळ हिशेब करतात. साखर १०० च्या वर जितकी जाईल, तिच्या दर १०० मागे सोडियममध्ये १.६ मिळवायचे. काही जण २.४ धरतात. तुझी साखर ३०० ने जास्त, म्हणजे ४.८ मिळवायचे. १३२ चे झाले साधारण १३७. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. मीठ खाऊन तू फक्त बीपी वाढवून घेशील.

पोटॅशियम ४.२ आहे म्हणून तू निर्धास्त आहेस, तेही मला खटकतं. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तातला आकडा म्हणजे गल्ला बघून तिजोरीचा अंदाज करणं. पोटॅशियम आत ढकलायचं काम इन्सुलिन करतं. ते कमी पडलं की पोटॅशियम बाहेर येतं, लघवीवाटे वाहून जातं, आणि साठा आटत असतानाही रिपोर्ट चांगला दिसतो. मग इन्सुलिन सुरू केलं की ते झपाट्याने पेशींत शिरतं आणि रक्तातलं धोकादायक उतरू शकतं. म्हणूनच सलाईनमधून इन्सुलिन देताना पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासतात.

बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल शमवणारा घटक, २४ पाहून मात्र खरंच हायसं वाटलं. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा कर: १३२ वजा ९८ वजा २४, उरले १०. याला अॅनायन गॅप म्हणतात. रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साचू लागले की बायकार्बोनेट खर्ची पडतं आणि ही बाकी वाढते. तुझी वाढलेली नाही. पण हा त्या दिवसाचा आकडा आहे. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी यातलं काहीही झालं तर रात्र असो की दिवस, सरळ हॉस्पिटल गाठ.

मॅग्नेशियम या तपासणीत नव्हतंच. साखर वाढलेली असताना तेही लघवीतून जातं, आणि ते कमी असलं की पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही. तू बीपीसाठी लघवीची गोळी घेतोस, अॅसिडिटीची गोळीही वर्षानुवर्षं चालू आहे. दोन्हींनी मॅग्नेशियम घटू शकतं. डॉक्टरांना हे आवर्जून सांग. मनाने गोळ्या बंद करू नकोस.

आणि ‘इलेक्ट्रोलाइट्स नॉर्मल म्हणजे मेटाबॉलिझम उत्तम’, म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार ठीक तर चयापचयही ठीक, हे जे तुला कुणी सांगितलंय, ते मला मुळीच मान्य नाही. मूत्रपिंडं हे आकडे जागच्या जागी ठेवायला सतत राबत असतात. साखर वर्षानुवर्षं बिघडत जाते, तरी सोडियम-पोटॅशियम बहुतेकदा फारसे हलत नाहीत. मेटाबॉलिझम कळायला एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज), उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), बीपी आणि कंबरेचा घेर बघायचा. मूत्रपिंडं कशी चालतात ते कळायला क्रिएटिनिनही करून घे.

आज संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं कबूल केलंयस. रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर ने. बाहेर पडलास की मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
जिवलग मित्र