दुपारचा रेडिओ आणि गच्चीवरची खरखर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मिडियम वेव्हवर (रेडिओच्या 'एएम' पट्ट्यावर) लांबचे स्टेशन रात्रीच लागते, दिवसा गावातल्या केंद्राखेरीज काही मिळत नाही, असे हल्ली सर्रास बोलले जाते आणि मिडियम वेव्हचा काळ संपला असे मानणारेही याच समजुतीचा आधार घेतात. सोलापूरच्या साखर पेठेत राहून गेली चाळीस वर्षे दुपारचा ट्रान्झिस्टर न चुकवणारा श्रोता म्हणून मला ही समजूत अर्धीच खरी वाटते. उरलेल्या अर्ध्या भागाची जबाबदारी सूर्यावर किंवा प्रसारण केंद्रांवर नसून आपल्या घरांवर, आणि अलीकडे घरांच्या गच्च्यांवर आहे, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

खरे असलेला अर्धा भाग आधी सांगतो. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर सूर्यप्रकाशामुळे तयार होतो. वर जाणाऱ्या मिडियम वेव्हच्या लहरी तो शोषून घेतो, त्यामुळे त्याहून वरच्या थरांवरून परावर्तित होऊन त्या पुन्हा खाली येऊ शकत नाहीत. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि हजार-हजार किलोमीटरवरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. परंतु वर जाणाऱ्या लहरींबरोबरच जमिनीला धरून जाणारी लहरही असते आणि ती दिवसा जशी असते तशीच रात्री असते. केंद्राची शक्ती जितकी जास्त आणि फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी ती लांब पोहोचते. रात्री मात्र याच लहरीत वरून आलेली लहर मिसळते, म्हणून पुण्याचे प्रादेशिक बातमीपत्र अंधार पडल्यावर कधी मोठे तर कधी बारीक होते, मध्येच निवेदकाचा आवाज फाटल्यासारखा येतो. दुपारी तेच पुणे आवाजाने लहान असले तरी एका पातळीवर स्थिर असते. लांबचे स्टेशन मनापासून ऐकायचे असेल तर मी दुपारच निवडतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

या बाबतीत सोलापूरची जागा मोठी भाग्याची आहे. आपल्या आकाशवाणी केंद्राला मिडियम वेव्हवर मिळालेली जागा १६०२ किलोहर्ट्झची, म्हणजे बँडच्या अगदी शेवटच्या टोकाची, आणि शक्ती अवघी १ किलोवॅट. त्यामुळे शहर ओलांडून थोडे पुढे गेले की ते फिके पडू लागते. पण डायलच्या दुसऱ्या बाजूला ७३८ वर हैदराबाद, ७६५ वर धारवाड आणि ७९२ वर पुणे अशी तीन केंद्रे ओळीने बसलेली आहेत. पहिली दोन २०० किलोवॅटची, पुणे १०० किलोवॅटचे. तिन्ही आपल्यापासून सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटरच्या आसपास, कोणी थोडे अलीकडे तर कोणी थोडे पलीकडे. तेलुगू, कन्नड आणि मराठी या सोलापूरच्या तिन्ही भाषा डायलवर बोटभर जागेत शेजारी शेजारी नांदाव्यात, असा योग दुसऱ्या कोणत्या शहराच्या वाट्याला आला असेल असे मला वाटत नाही. (जाता जाता सांगतो, या तिन्ही आकड्यांना ९ ने पूर्ण भाग जातो. १९७८ पासून आशिया आणि युरोपात मिडियम वेव्हच्या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवले जाते. नवीन डिजिटल रेडिओ अमेरिकेच्या पद्धतीने १० च्या पायरीवर ठेवलेला असेल तर ७६५ त्यावर येणारच नाही, ७६० नंतर एकदम ७७० येईल. 'धारवाड लागत नाही' अशी तक्रार घेऊन आलेल्या एका स्नेह्यांच्या रेडिओत एवढाच दोष निघाला.)

आमच्या गल्लीतल्या यंत्रमाग कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की रेडिओवर काय लावायचे यावरून रोज ओढाताण चाले. कामगारांना हैदराबाद हवे असे, मेहताजींना पुणे. दोन्ही स्टेशनांसाठी ट्रान्झिस्टर जवळपास एकाच रोखाने ठेवावा लागतो, म्हणून हा वाद नुसता काटा सरकवून मिटत असे. धारवाडचे मात्र तसे नाही. ट्रान्झिस्टरमध्ये अँटेना म्हणून जो फेराइट रॉड (काळसर चुंबकीय पदार्थाची कांडी) आडवा बसवलेला असतो, त्याची बाजू स्टेशनकडे असली की आवाज सर्वांत मोठा येतो आणि टोक स्टेशनकडे झाले की तो जवळजवळ नाहीसा होतो. सोलापूरहून हैदराबाद पूर्वेला, पुणे पश्चिमेकडे थोडे उत्तरेला आणि धारवाड दक्षिणेकडे थोडे पश्चिमेला आहे. त्यामुळे धारवाडसाठी रेडिओ पाव फेरा फिरवला की रॉडचे टोक नेमके पुण्याच्या दिशेला येते आणि पुणे बारीक होऊन धारवाड मोकळे होते. ज्यांच्या रेडिओला एवढ्याने भागत नाही त्यांनी दोन फूट लांबी-रुंदीच्या लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे दहा-अकरा वेढे द्यावेत, जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन बदलण्यासाठी फिरवायचा भाग) त्यांना जोडावा आणि ही चौकट रेडिओशेजारी नुसती उभी करावी. कोणतीही तार रेडिओला जोडावी लागत नाही. गँग फिरवताना एका जागी स्टेशन एकदम वर उसळते.

एवढे असूनही गेली काही वर्षे दुपारचे ऐकणे मला अवघड होऊन बसले होते. कारण शोधण्याची संधी अवचित मिळाली. देखभालीच्या कामासाठी आमच्या भागाचा वीजपुरवठा एका दुपारी तीन तास बंद होता. मी सवयीने सेलवरचा ट्रान्झिस्टर लावला आणि ७६५ वर कन्नड निवेदिकेचा आवाज इतका स्वच्छ आला की शेजारच्या खोलीतून पत्नीने "नवीन आणलात का?" असे विचारले. वीज परत आली आणि क्षणात पूर्ण बँडवर करकर पसरली. दुसऱ्या दिवशी मी घरातला मेन स्विच बंद केला. करकर बरीच उतरली. मग एकेक उपकरण सुरू करत गेलो तेव्हा सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर आणि न्हाणीघरातला एक स्वस्तातला एलईडी दिवा असे दोन अपराधी हाती लागले. ते बदलले. तरी सकाळी ऊन चढू लागले की एक बारीक गुणगुण सुरू व्हायची आणि संध्याकाळी आपोआप थांबायची. चौकटीच्या साहाय्याने दिशा पाहिली तेव्हा ती शेजारच्या गच्चीवरून, तिथल्या सौर पॅनेलच्या इन्व्हर्टरमधून, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून देणाऱ्या यंत्रातून येत होती. वीज गेली की असा इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःहून बंद होतो, म्हणूनच त्या दुपारी तोही गप्प होता.

बसवून देणाऱ्या व्यावसायिकाला शेजाऱ्यांनी फोन केला तर "वीज तयार होते ना, मग तक्रार कसली?" असे उत्तर मिळाले. पुढे आम्हीच एका ओळखीच्या वायरमनकडून काम करून घेतले. पॅनेलपासून येणाऱ्या धन आणि ऋण तारा गच्चीवर एकमेकींपासून चार हात दूर पसरल्या होत्या आणि त्यांचा मिळून एक मोठा अँटेनाच झाला होता. त्या एकत्र आणून बांधल्या, इन्व्हर्टरजवळ दोन्ही बाजूंच्या तारांवर फेराइटच्या कड्या चढवल्या आणि अर्थिंग नीट केले. खर्च हजार रुपयांच्या आतच आला. गुणगुण पूर्ण गेली नाही, पण हैदराबाद आणि धारवाड पुन्हा ऐकण्याजोगे झाले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत देशभरातील एक कोटी घरांवर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट आहे आणि सोलापूरसारख्या कडक उन्हाच्या शहरात ते झपाट्याने बसत आहेत. त्याला माझा विरोध नाही. उद्या माझ्याही गच्चीवर ते येतील. अनुदान सरकारी तिजोरीतून जात असल्याने तारा एकत्र बांधणे, फेराइटच्या कड्या बसवणे आणि रेडिओ अडथळ्याच्या मर्यादेत बसणाराच इन्व्हर्टर वापरणे या गोष्टी बसवणाऱ्यांवर बंधनकारक कराव्यात आणि काम पूर्ण झाल्याच्या तपासणीत एक साधा ट्रान्झिस्टर लावून पाहावा, एवढीच मागणी आहे. तसेच एखाद्या मिडियम वेव्ह केंद्राला दिवसा श्रोते उरले नाहीत असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ती पाहणी शहरातल्या बंद खोलीत करू नये. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्यावर एखाद्या शेतात दुपारी दोन वाजता रेडिओ लावून मगच काय ते ठरवावे.

आपला विश्वासू,
एक जुना श्रोता
साखर पेठ, सोलापूर