‘लगेच काढून टाका’, पण कोणते व्हर्जन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अधूनमधून एक चौकट येते : ‘सर्ट-इनचा इशारा, हे सॉफ्टवेअर लगेच काढून टाका.’ सर्ट-इन ही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली काम करणारी केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था. तिच्या मूळ सूचनेचा साचा ठरलेला असतो : कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या व्हर्जनच्या आधीचे, धोका किती आणि उपाय काय. उपायाच्या जागी बहुतेक वेळा ‘कंपनीने दिलेले अपडेट लावा’ एवढेच लिहिलेले असते. चौकटीत येईपर्यंत व्हर्जनचा क्रमांक गळतो आणि ‘अपडेट लावा’चे ‘काढून टाका’ होते.

यात नुकसान काय होते, ते एप्रिल २०२५ च्या व्हॉट्सॲपच्या दोषावरून कळेल. दोष फक्त विंडोजवरच्या व्हॉट्सॲपमध्ये होता, तोही २.२४५०.६ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये. आलेली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे दाखवताना व्हॉट्सॲप फाइलबरोबर आलेल्या एका खुणेवर विसंबायचे आणि उघडताना फाइलच्या नावाच्या शेपटीवर. त्यामुळे फोटो म्हणून दिसणारी वस्तू क्लिक करताच प्रोग्राम म्हणून चालू शकत होती. मोबाइलचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ‘व्हॉट्सॲपला धोका’ एवढेच वाचून कोणी मोबाइलवरचे ॲप उडवले असेल, तर बॅकअपअभावी जुन्या गप्पा गेल्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचे दोषी व्हर्जन जिथल्या तिथे राहिले.

म्हणून काढू की बंद करू, याच्या आधी विचारायचे ते हे की दुरुस्ती आली आहे का. आली असेल तर अपडेट करून मोकळे व्हावे. यायची असेल तर तेवढ्यापुरते बंद ठेवावे, आणि कधीच येणार नसेल तर काढावे. ऐकायला सोपे आहे. घोळ होतो तो ‘बंद’ या शब्दाने, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याचा अर्थ निराळा.

विनरारला, म्हणजे फाइली आवळून एका ‘रार’ फाइलीत बांधणाऱ्या आणि ती मोकळी करणाऱ्या सॉफ्टवेअरला, तर ‘बंद’ असे काही नसतेच. इथल्या सियागंज बाजारातल्या पेढीपासून शाळेच्या ऑफिसपर्यंत ते सगळीकडे असते, फुकट वापराची चाळीस दिवसांची मुदत वर्षानुवर्षे संपलेली असते. त्यातला एक गंभीर दोष ३० जुलै २०२५ च्या ७.१३ व्हर्जनमध्ये दुरुस्त झाला. मुद्दाम तयार केलेली रार फाइल मोकळी केली की आतल्या काही फाइली तुम्ही सांगितलेल्या फोल्डरात न जाता गुपचूप विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरात जाऊन बसत आणि पुढच्या वेळी लॉग-इन केले की आपोआप चालत. नोकरीच्या अर्जाच्या नावाखाली अशा फाइली पाठवल्या गेल्या. विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. हेल्प मेनूत ‘अबाउट विनरार’ उघडून क्रमांक बघावा लागतो आणि ७.१३ किंवा त्यापुढचे नसेल तर नवे स्वतः आणून बसवावे लागते. काढलेत तरी फारसे अडत नाही. विंडोज ११ ची अलीकडची व्हर्जन्स रार फाइल स्वतःच उघडतात.

पण विनरार काढले म्हणजे दोष गेला, असेही नाही. तो ‘अनरार डॉट डीएलएल’ या तुकड्यातही होता, आणि रार फाइली उघडणारी दुसरी बरीच सॉफ्टवेअर्स तोच तुकडा आपल्या फोल्डरात बाळगतात. सी ड्राइव्हमध्ये या नावाने शोध घ्यावा. सापडला तर तो ज्याचा आहे ते सॉफ्टवेअर अपडेट करावे. तुकडा एकटाच डिलीट करू नये, नाहीतर ते सॉफ्टवेअर मोडते आणि दुकानदार ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो. दुसरे असे की अपडेटने पुढचा दरवाजा बंद होतो, आधीच आत शिरलेला बाहेर पडत नाही. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘शेल:स्टार्टअप’ टाइप केले की तो फोल्डर उघडतो. अनोळखी शॉर्टकट किंवा प्रोग्राम दिसला तर त्यावर डबल-क्लिक न करता आधी नेट तोडावे आणि मग जाणकाराला बोलवावे.

याच्या उलट उदाहरण २०२१ मधले, विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये निघालेल्या दोषाचे. स्पूलर, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारा प्रोग्राम, हा विंडोजचाच भाग असल्याने काढता येत नाही. दुरुस्ती मिळेपर्यंत बंद ठेवणे हा सरळ मार्ग होता. इथे बहुतेकांची चूक ठरलेली. सर्व्हिसेसच्या यादीत प्रिंट स्पूलरवर ‘स्टॉप’ दाबायचे आणि निर्धास्त व्हायचे. स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’च राहिला तर दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू होताच स्पूलरही सुरू. आधी स्टार्टअप टाइप ‘डिसेबल्ड’ करावा, मग ‘स्टॉप’. अर्थात छपाई थांबते. नुसता प्रिंटरच नाही, बिलाची ‘प्रिंट टू पीडीएफ’सुद्धा, कारण तीही स्पूलरमधूनच जाते. ज्यांना छपाई हवीच होती त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने दुसरी वाट दिली होती : ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवण्याच्या जागी, बाहेरून येणारी छपाईची जोडणी तेवढी नाकारायची आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. आपल्या मशीनला लावलेला प्रिंटर चालतो, त्यावरून शेजारच्या टेबलाची छपाई होत नाही. मात्र विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा एडिटर नसतो, हे सांगायचे राहून जाते आणि माणूस मेनू शोधत बसतो.

बंद केलेल्या वस्तूची खरी अडचण पुढे येते. तिची आठवण राहत नाही. तीन आठवड्यांनी नव्या माणसाला प्रिंट हवी असते, तो स्पूलर सुरू करतो, आणि मधल्या काळात अपडेट लागले की नाही ते कोणी बघितलेले नसते. काय बंद केले, का आणि कोणत्या तारखेला, ही चिठ्ठी त्या मॉनिटरच्या कडेला चिकटवावी. गावठी उपाय आहे, पण उपयोगी पडतो.

मोबाइलवर ‘फोर्स स्टॉप’ म्हणजे बंद नव्हे. ॲप उघडले की ते पुन्हा चालू. फोनबरोबर आलेली ॲप्स बहुधा अनइन्स्टॉल होत नाहीत, ‘डिसेबल’ होतात. तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असा पर्याय दिसतो आणि लोक तो काढून टाकण्याचा समजून दाबतात. त्याने ॲप कारखान्यातून निघाले तेव्हाच्या व्हर्जनवर जाते, म्हणजे इतकी वर्षे बुजवलेली सगळी भोके परत उघडतात. डिसेबल केलेले ॲप पुन्हा सुरू केले तर आधी प्ले स्टोअरमधून अपडेट करावे, मगच वापरावे.

काढण्याची घाईही महागात पडते. ज्याचे लायसन्स एका मशीनला बांधलेले असते ते आधी सरेंडर करावे लागते, टॅलीवाल्यांना हे पाठ असते. डिजिटल सहीसाठी एखाद्या जुन्या पोर्टलने जावा हे पूरक सॉफ्टवेअर मागितले होते म्हणून तो अजून पडून आहे, असे सीए मंडळींच्या कित्येक मशीनवर दिसेल. प्रोग्रामच्या यादीत एकाखाली एक दोन-तीन जावा असतात, कारण नवा टाकला तरी जुना आपोआप जात नसे. ते जुने काढावेतच, पण जीएसटीच्या थ्री-बी विवरणपत्राच्या २० तारखेच्या तोंडावर नव्हे. एक काढा, डोंगल (डिजिटल सहीचा यूएसबी तुकडा) लावून सही होते का बघा, मग पुढचे.

ज्याला आता कोणी वाली नाही ते मात्र ठेवू नये. ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि व्हिडिओ चालवणाऱ्या फ्लॅश प्लेयरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, १२ जानेवारी २०२१ पासून त्याच्यात मजकूर चालणेच थांबले, आणि ॲडोबीने स्वतः तो काढायला सांगितले. एखाद्या जुन्या ट्रेनिंग सीडीसाठी त्याचे जुने व्हर्जन शोधून परत बसवणारे अजून भेटतात. नेटवर्कवर फोल्डर वाटून घेण्याचा जुना एसएमबी-१ हा प्रकार तसाच. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय त्याच्यातूनच पसरला. कंट्रोल पॅनलमधल्या ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ मध्ये त्याची खूण काढून मशीन रीस्टार्ट करावे. त्यानंतर जुन्या झेरॉक्स मशीनचे ‘स्कॅन टू फोल्डर’ चालेनासे झाले तर खूण परत लावू नये. पेनड्राइव्हवर स्कॅन घ्यावे किंवा मशीनला ई-मेलने पाठवायला शिकवावे.

शेवटी गणिताच्या शिक्षकांसाठी, कारण हा प्रश्न शाळांतून अजून येतो. वर्डमधल्या जुन्या इक्वेशन एडिटरची (समीकरणे लिहिण्याच्या सोयीची) फाइल सन २००० मध्ये बनलेली. त्यातल्या दोषाला नोव्हेंबर २०१७ मध्ये ठिगळ लावले गेले. आणखी दोष निघाल्यावर जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते एडिटरच अपडेटद्वारे काढून टाकले. जुन्या प्रश्नपत्रिकेतली समीकरणे दिसतात, छापताही येतात, पण डबल-क्लिक केल्यावर बदलता येत नाहीत, ते यामुळे. जुन्या कॉम्प्युटरवरून एडिटरची ती फाइल कॉपी करून आणण्याचा सल्ला देणारे आहेत; तो ऐकू नये, त्या फाइलवरचे हल्ले पुढेही वर्षानुवर्षे चालू राहिले. आल्ट आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबले की नव्या समीकरणाची चौकट उघडते. बदलायचे तेवढेच समीकरण तिथे पुन्हा लिहावे, बाकीची प्रश्नपत्रिका आहे तशी चालते.

आपल्या चौकटीत यापुढे व्हर्जनचा क्रमांक, ते विंडोजवरचे की मोबाइलवरचे, आणि दुरुस्ती आली की नाही, एवढे छापावे ही विनंती. दोन ओळींची जागा लागेल.

आपला,
संगणक देखभाल क्षेत्रातील एक वाचक,
रामबाग, इंदूर