२०० पेट्यांची ती ऑर्डर

प्रिय बाळा,

नाव लिहू नका म्हणालास, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे होते.

एप्रिलची आंब्याची काढणी जोरात होती, घरभर आढ्या लागलेल्या. त्यात पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या नावाने मेल आला. २०० पेट्यांची ऑर्डर, सोबत झिप फाइल, तिचा पासवर्ड मेलमध्येच. मी क्लिक करणारच होते. सुनेने हात धरला आणि तुला फोन लावला. भर उन्हात भाट्याचा पूल ओलांडून तू पावसला आलास.

"डिलीट करा" एवढं फोनवर सांगूनही भागलं असतं. तू मला शेजारी बसवलंस. आधी मेलचा हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याची लपलेली नोंद, उघडलास. वर नाव गिऱ्हाइकाचं, पण उत्तर जाणार होतं भलत्याच पत्त्यावर, आणि डीमार्कपुढे, म्हणजे पाठवणारा पत्ता खरा आहे का या तपासणीपुढे, 'फेल'. मग विचारलंस, "काकू, कुलूप लावून पेटी पाठवायची आणि किल्ली तिलाच बांधायची, असं कोण करतं?" पासवर्ड असला की अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

झिप उघडलीस ती तुझ्या जुन्या, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद करून. आतल्या फाइलच्या नावाचा शेवट '.पीडीएफ.जेएस'. जेएस म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम. विंडोज ते शेवटचं शेपूट लपवतं, म्हणजे आमच्याकडे ती साधी पीडीएफ वाटली असती आणि डबल क्लिक करताच चालू झाली असती. २००० सालच्या 'आय लव्ह यू' व्हायरसचीही हीच युक्ती होती म्हणालास. नावात टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, मागे व्हीबीएस, म्हणजे प्रोग्राम.

फाइल व्हायरसटोटलवर, म्हणजे फाइली तपासून देणाऱ्या वेबसाइटवर, चढवली नाहीस. चढवलेलं इतरांच्याही हाती लागू शकतं, आणि आत आमच्या गिऱ्हाइकांची माहिती असली तर? म्हणून फक्त तिचा एसएचए-२५६ काढून तिथे शोधलास, फाइलची ओळख पटवणारा ६४ अक्षरांचा तो ठसा. काहीच सापडलं नाही. मला हायसं वाटलं, तर म्हणालास, "कुणी पाहिली नाही, एवढाच त्याचा अर्थ." मला साका आठवला, आंब्याच्या गरातला तो दोष. हापूस बाहेरून कितीही देखणा असो, साका कापल्यावरच दिसतो.

आणि तू कापून दाखवलंसच. फाइल न चालवता नुसता मजकूर म्हणून उघडलीस. अक्षरांचे तुकडे जोडत गेलास तसा एक वेबपत्ता निघाला. तिथून दुसरा प्रोग्राम गुपचूप आमच्या कॉम्प्युटरवर उतरणार होता. ऑर्डरचा एक शब्दही आत नव्हता.

त्या कॉम्प्युटरवर आमचं बँकेचं सगळं आहे, गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत. हे गेल्यावर एकेक गिऱ्हाईक जोडत मी ही विक्री उभी केली. त्या दुपारी काय वाचलं, ते मलाच ठाऊक.

परवा एका व्यापाऱ्याची मॅक्रोवाली, म्हणजे आत छोटा प्रोग्राम असलेली, एक्सेल फाइल आली. उघडली नाही. वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारलं. त्याचीच होती, तरी साधी करून पाठवायला लावली.

पैसे तू घेतले नाहीस. पाच डझनांची पेटी गवतात घालून ठेवली आहे, शनिवारपर्यंत पिकेल. आईलाही घेऊन ये.

तुझी,
पावसची काकू