उस्ताद, शूमाकरचा हिशेब तुम्ही मांडून दिलात

आदरणीय उस्ताद,
स. न. वि. वि.

फॉर्म्युला वन मोटार रेसचा ड्रायव्हर मायकल शूमाकर याच्यावरून आमच्यात वर्षानुवर्षं चालत आलेल्या भांडणात तुम्ही मेकॅनिकच्या नजरेने लक्ष घातलंत, म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण त्याचं नाव निघालं की परभणी काय, नांदेड काय, लातूर काय, रेस पाहणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सात विश्वविजेतेपदं, 91 विजय, विषय संपला. दुसरा म्हणतो, रडीचा डाव खेळला, आणि परत येऊन होतं नव्हतं तेही घालवलं. तुम्ही दोघांनाही एकच सांगितलंत: आधी पार्ट हातात घ्या, माणसाचं नंतर बघू.

इंग्लंडमधली सिल्व्हरस्टोनची रेस, 11 जुलै 1999. पहिल्याच फेरीत स्टोच्या वळणावर फेरारी सरळ जाऊन टायरच्या भिंतीत घुसली. उजवा पाय मोडला, सहा रेस हुकल्या, त्या वर्षीची आशा संपली. विरोधी तटाचं म्हणणं ठरलेलं: स्वतःच्याच टीमच्या अर्व्हाइनला ओलांडायची घाई नडली. तुम्ही काही न बोलता एक जुनं ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा छोटा स्क्रू, तळहातावर ठेवलंत. टीमने सांगितलेलं कारण हेच होतं, मागच्या चाकाचं निपल ढिलं झालं होतं.

बोटाच्या पेराएवढी वस्तू. आतून पोकळ, म्हणून जास्त आवळली तर मानेत तुटते. कमी आवळली तर गाडी उभी असताना कोरडी ठणठणीत दिसते, आणि ब्रेक तापून जोराचं प्रेशर आलं की तेल सोडते. तुम्ही पुढचंही समजावलंत. रस्त्यावरच्या बऱ्याच मोटारींत ब्रेकच्या दोन लाइनी तिरप्या वाटलेल्या असतात, पुढचं डावं चाक मागच्या उजव्याबरोबर. रेसच्या गाडीत पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. मागची गेली की सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो, ती जाम होतात, आणि चाक जाम असलं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाही. तो सरळ का गेला, हे आम्हाला तेव्हा कळलं.

ब्लीडिंगची, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायची, तुमची पद्धतही इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. एकाने पेडल चार-पाच वेळा मारून दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव आटा सोडायचं, आणि पेडल वर यायच्या आत बंद करायचं. उशीर झाला तर तीच हवा परत आत ओढली जाते. टाकीतलं तेल खालच्या खुणेखाली जाऊ द्यायचं नाही. शेवटी निपल कापडाने कोरडं करून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरायचं आणि पुन्हा बघायचं. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात.

1994 च्या बेल्जियममधल्या स्पाच्या रेसचा निकालही तुम्ही जाडी मोजायच्या व्हर्निअरने लावलात. इमोलाच्या रेसमध्ये आयर्टन सेना हा ड्रायव्हर अपघातात गेला, त्यानंतर गाड्या जमिनीला फार चिकटून पळू नयेत म्हणून त्याच हंगामात मधूनच तळाशी 10 मिलिमीटर जाडीची लाकडी फळी सक्तीची झाली. झीज 1 मिलिमीटरपर्यंत माफ. शूमाकरने स्पा जिंकलं, पण फळी त्याहून जास्त झिजलेली निघाली आणि विजय गेला. टीम म्हणाली, गाडी गरकन फिरून ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर चढली तेव्हा घासली. अधिकाऱ्यांनी ते मानलं नाही. आदळल्याची खूण एका जागी खोल असते आणि झीज पसरट असते, हे तुम्ही एका इंजिनच्या तेलाच्या चेंबरच्या तळावर बोट फिरवून दाखवलंत. मात्र गाडी किती खाली बसवायची हे इंजिनिअर ठरवतो, त्याचं पाप ड्रायव्हरच्या माथी मारू नका, हेही बजावलंत.

याचा अर्थ तुम्ही त्याला सगळंच माफ केलं असा नाही. ॲडलेड 1994 आणि हेरेझ 1997, दोन्हीकडे तो शेवटच्या रेसला एकाच गुणाने पुढे होता: 92 विरुद्ध 91, 78 विरुद्ध 77. ॲडलेडला तो आधी भिंतीला घासून आला होता, त्यामुळे विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी हिल याच्यावर गाडी मुद्दाम घातली की ती ताब्यातच नव्हती, हे बाहेरून सांगता येत नाही, असं तुम्ही म्हणालात. हिलच्या पुढच्या डाव्या चाकाचा विशबोन, म्हणजे चाक धरणारा दांडा, वाकला आणि हिल पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीच्या जागेत, थांबला तो थांबलाच. हेरेझला मात्र तशी सोय नाही. त्या वर्षीचा प्रतिस्पर्धी व्हिलनव्ह आतून घुसल्यावर फेरारीचं पुढचं उजवं चाक त्याच्या कुशीत गेलं, आणि स्टिअरिंग त्या बाजूला वळलेलं स्पष्ट दिसतं. त्या वर्षीच्या क्रमवारीतून शूमाकरचं नाव काढलं गेलं. तुम्ही म्हणालात, हे बरोबर झालं. त्याच्या बाजूच्या तटालाही ते मान्य करावं लागलं.

आणि बार्सिलोना 1994! पाचव्या गिअरमध्ये अडकलेली गाडी घेऊन दुसरा नंबर. पिटमधून निघतानाही पाचवाच. पाचव्यात गाडी उचलायची तर आरपीएम चढवून क्लच घसरत सोडावा लागतो, आणि प्लेट जळायच्या आत तो पकडला पाहिजे. वळणातही वेग पडू द्यायचा नाही, नाहीतर इंजिन मान टाकतं. रडीचा डाव म्हणणारे हे ऐकून पहिल्यांदा गप्प झाले.

निवृत्तीचं कोडं सगळ्यात जुनं. 2006 ला मोंझा जिंकून थांबतो म्हणाला, सुझुकाला आघाडीवर असताना इंजिन गेलं, आणि 121 विरुद्ध 134 गुणांनी विजेतेपद प्रतिस्पर्धी अलोन्सोला गेलं. मर्सिडीझमध्ये परतल्यावर 58 रेसमध्ये एकच पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत नंबर, 2012 चं व्हॅलेन्सिया. वयच झालं म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. तुम्ही वय नाकारलं नाहीत, पण टायरकडे बोट दाखवलंत. 2010 ला पुढचे टायर अरुंद झाले आणि मध्ये पेट्रोल भरणं बंद झालं, म्हणजे दीडशे किलोच्या वर पेट्रोल घेऊनच निघायचं. ज्याला गाडीचं नाक वळणात झटकन आत जाणारं लागतं, त्याच्या हातात नाक बाहेर ढकलणारी गाडी आली. वर सरावाच्या चाचण्याही आवळलेल्या. त्याच टीमच्या रोझबर्गला तीच गाडी जमली आणि तिन्ही वर्षं त्याचे गुण जास्त, हेही तुम्ही लपवलं नाहीत. मेरिबेलला बर्फावर स्कीइंग करताना झालेल्या त्याच्या अपघाताबद्दल बोलताना तुमचा आवाज बसला. त्यानंतर त्या दिवशी कुणी वाद काढला नाही.

उस्ताद, गिऱ्हाईक दारात उभं असताना तुम्ही आम्हाला वेळ दिलात, हातातला पाना खाली ठेवून दिलात. मनापासून शुक्रिया.

मोनॅकोच्या रास्कास वळणाचा वाद तेवढा राहिला आहे. 2006 ची क्वालिफायिंग, म्हणजे रेसमध्ये कोण कुठून सुटणार हे ठरवणारी फेरी, मागून अलोन्सो येतोय आणि शूमाकर वळणात गाडी उभी करतो. ब्रेक नेहमीपेक्षा जास्त दाबला होता एवढं डेटावरून निघालं आणि त्याला सगळ्यांच्या मागे पाठवलं. तो म्हणाला, चूक झाली. ब्रेकच्या दाबावरून मुद्दामपणा कळतो का? शुक्रवारी नमाजनंतर सवड असेल तर येतो.

आपले,
स्टेशनकडचे रेसवाले, परभणी