लिस्बनमधील जन्मनोंद आणि गोमंतकीयांचे नागरिकत्व : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय गृहमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने येथील रहिवासी भारतीय ठरले. ज्यांना पोर्तुगीज राहायचे होते, त्यांनी महिन्याभरात प्रशासकाला तसे लेखी कळवायचे होते. पोर्तुगालने मात्र मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क आपल्या कायद्यात कायम ठेवला.

त्यातून दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात घरोघरी काय घडते ते पाहावे. सत्तरीच्या पुढचे वडील लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात आपला जन्म नोंदवतात, कारण त्याशिवाय मुलाचा अर्ज पुढे सरकत नाही. मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन परदेशी जातो, भारतीय पासपोर्ट परत करतो. त्याच्यापुरता प्रश्न मिटतो. वडील गावातच राहतात, भातशेती सांभाळतात, मतदान करतात. त्यांच्याजवळ पोर्तुगीज ओळखपत्र नसते की पासपोर्ट नसतो. तरीही कोणी तक्रार केली, की ते भारतीय आहेत की नाहीत, यावर खल सुरू होतो. (निवडणूक जवळ आली की अशा तक्रारींना जोर चढतो, हे आपणास सांगायला नको.)

नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपते, आणि नियमांनी परकीय पासपोर्ट हा त्याचा निर्णायक पुरावा मानला आहे. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवून फिरणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. परंतु जन्मनोंदीला नियमांनी तसा निर्णायक दर्जा दिलेला नाही. नोंद झालेला माणूस लिस्बनच्या लेखी पोर्तुगीजच, असा आक्षेप घेतला जातो. तथापि पोर्तुगीज कायदा त्याला जन्मापासूनच पोर्तुगीज समजतो, नोंदीच्या दिवसापासून नव्हे. तोच दावा प्रमाण मानला, तर ज्यांनी कधी काही नोंदवलेच नाही असे असंख्य वृद्ध गोमंतकीयही परके ठरतील, आणि हे भारत सरकारला खचितच मान्य होणार नाही.

म्हणून आपल्या मंत्रालयाने जाहीर परिपत्रक काढून, ओळखपत्र वा पासपोर्ट न घेता केवळ जन्म नोंदवणे म्हणजे परकीय नागरिकत्व स्वीकारणे नव्हे, असे स्पष्ट करावे. वादग्रस्त प्रकरणे कलम ९(२) खाली सुनावणी देऊन ठरावीक मुदतीत निकाली काढावीत. आणि निर्णय होईपर्यंत कोणाचेही नाव मतदारयादीतून वगळले जाऊ नये, यासाठी निवडणूक आयोगाशी पत्रव्यवहार करावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक गोमंतकीय नागरिक, मडगाव