गुंगी न आणणारा वैद्यकीय गांजा आणि पॅनिक डिसॉर्डर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वैद्यकीय गांजाने पॅनिकचे झटके थांबतील आणि तरीही दिवसभर पेंग येणार नाही, असे काही आहे का, हा प्रश्न पॅनिक डिसॉर्डर, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याचा विकार, असलेली माणसे हल्ली वारंवार विचारतात. क्लोनाझेपामसारख्या चिंता शमवणाऱ्या गोळीच्या गुंगीत ज्याला कामावर जावे लागते, त्याला दुसरी वाट शोधावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मी स्वतः हा विकार सोसत आलो आहे, म्हणूनच या प्रश्नाला 'बेधडक घ्या' किंवा 'हे तर व्यसन' अशी झटपट उत्तरे मिळू नयेत असे मला मनापासून वाटते.

गांजातील टीएचसी या घटकामुळे नशा चढते आणि गुंगीही मुख्यतः त्यानेच येते. सीबीडी या दुसऱ्या घटकाने नशा होत नाही आणि थोड्या मात्रेत सहसा पेंगही येत नाही. गांजाच्या प्रकारांपैकी 'इंडिका' झोपेसाठी आणि 'सॅटिव्हा' तरतरीसाठी ही प्रचलित विभागणी मात्र भरवशाची नाही. औषधाच्या बाटलीवर दोन्ही घटक किती मिलिग्रॅम आहेत, तेच पाहावे.

टीएचसीच्या बाबतीत गुंगीपेक्षा मोठी चिंता वेगळीच आहे. त्याने हृदयाचे ठोके वाढतात, आणि आमच्यासारख्यांचा झटका पुष्कळदा तिथूनच सुरू होतो: छातीत धडधडते, बोटांना मुंग्या येतात, 'हा हार्ट अटॅकच' असे वाटते आणि त्या भीतीने धडधड आणखी वाढते. शिकागोतील संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 7.5 मिलिग्रॅम टीएचसीने निरोगी व्यक्तींचा ताण कमी झाला, तर 12.5 मिलिग्रॅमने त्यांची अस्वस्थता वाढली. अवघ्या पाच मिलिग्रॅमच्या फरकाने परिणाम उलटला, तोही ज्यांना हा विकार नाही अशा माणसांत.

सीबीडीचेही गणित सरळ नाही. ब्राझीलमधील 2019 च्या एका अभ्यासात भाषण करण्याच्या वेळची चिंता 300 मिलिग्रॅमने कमी झाली, 150 किंवा 600 ने तसा फरक पडला नाही. बाजारात मिळणाऱ्या तेलाच्या काही थेंबांत सीबीडी बहुधा याच्या कितीतरी कमी असते. तेव्हा पेंग आली नाही म्हणून समाधान मानताना औषध मुळात लागू पडले का, हेही विचारायला हवे. शिवाय झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि गिळलेल्या तेलाचा परिणाम जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात. झटका आपला आपण ओसरतो आणि श्रेय थेंबांना मिळते. 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'ने 2019 मध्ये छापलेल्या 83 अभ्यासांच्या आढाव्यातही मानसिक विकारांवर अशी औषधे सुचवण्याइतका पुरावा आढळला नाही.

कायद्याने मुभा आहे अशा ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कोणी हा मार्ग धरलाच, तर आधीपासून चालू असलेली प्रत्येक गोळी त्यांना सांगणे अत्यावश्यक आहे. सीबीडीमुळे यकृताकडून होणारे काही औषधांचे विघटन मंदावते. एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्य-चिंतेवरील औषधाचे रक्तातील प्रमाण त्यामुळे वाढू शकते, आणि क्लोनाझेपामच्या जोडीने गुंगी अधिक गडद होऊ शकते. जुनी गोळी मनाने बंद करणे तर त्याहून घातक. टीएचसी रोज, बराच काळ घेऊन एकदम थांबवले तर चिंता आणि निद्रानाश उलटून येतात, हेही सुरुवातीलाच सांगितले गेले पाहिजे.

गुंगी न आणणारा उपाय हवा असेल, तर कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीची (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराची) आठवण फारच कमी वेळा करून दिली जाते, याचे मला वाईट वाटते. तीत थेरपिस्टच्या समोर बसून बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा, फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचे, धडधड मुद्दाम ओढवून घ्यायची आणि ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचे असते. सुरुवातीला जीव नकोसा होतो, पण ठोके वाढले म्हणजे मरण आले, ही समजूत हळूहळू सैल होत जाते. या थेरपीमागे आणि सर्ट्रालिनसारख्या नैराश्य-चिंतेवरील औषधांमागे गांजापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की, या विषयावरील बातमी देताना घटक कोणता, मात्रा किती आणि प्रयोग रुग्णांवर झाला की निरोगी व्यक्तींवर, या तीन गोष्टी प्रत्येक वेळी छापाव्यात. डॉक्टरांनाही विनंती आहे की, रुग्णाने गांजाचा विषय काढला तर त्याला झिडकारू नये, कारण एकदा झिडकारलेला रुग्ण पुढच्या वेळी आपण काय घेतो ते सांगतच नाही.

आपला नम्र,
एक वाचक