पालकमंत्री महोदय, आपण येण्याआधीच आमचा पोळा फुटला

मा. पालकमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी विदर्भातील एका लहानशा नगरपंचायतीच्या गावात राहणारा, वय 58, व्यवसायाने सुतार. परवा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गरजू कुटुंबांतील मुलांना खेळणी वाटण्याचा कार्यक्रम आमच्या शाळेच्या पटांगणावर आपल्या शुभहस्ते पार पडला, त्यासंबंधी हे पत्र आहे. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे. त्या दिवशी आम्ही तो अडीच तास मोजत उभे होतो.

आपल्या भाषणात तान्हा पोळा एका वाक्यात आटोपला, म्हणून थोडे सांगतो. नागपूरला दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली मुलांसाठी हा सण सुरू केला असे आमच्याकडे सांगतात. अमावस्येचा पोळा हा ज्याच्या गोठ्यात जोडी आहे त्याचा. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मात्र ज्याच्या घरी गोठाच नाही, त्याच्याही लेकराचा. लाकडी बैलाला दोरी बांधायची, आखरावर म्हणजे गावच्या गुरांच्या मोकळ्या जागेवर न्यायचे आणि मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी मागायची. त्या दिवशी मागण्यात कोणाला कमीपणा नसतो, कारण मजुराच्या पोराबरोबर सावकाराचा नातूही मागत असतो. आपल्या कार्यक्रमात मात्र फक्त गरिबाने मागायचे होते, आणि तेही पिवळी शिधापत्रिका व टोकन दाखवून.

आषाढात नगरपंचायतीच्या सभागृहात बैठक झाली. सतराही प्रभागांतील गरजू घरांची यादी करायची, नगरपंचायतीने निम्मा खर्च उचलायचा, उरलेला अडते आणि जिनिंगवाले यांच्या देणगीतून काढायचा आणि प्रत्येक लेकराच्या हाती लाकडी बैल द्यायचा, असे ठरले. मी त्या बैठकीत टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी मला बोलावून सांगण्यात आले की दोनशे बैल तयार ठेवा, नगाला 250 रुपये मिळतील. कागद मागितला, तेव्हा “तुमच्यावर विश्वास आहे, तुम्ही आमच्यावर ठेवा” असे उत्तर मिळाले. माझ्या वडिलांनी आयुष्यभर कागदावाचून काम केले आणि मीही तेच केले. हा माझा गुन्हा असेल तर तो मला मान्य आहे.

बैल करायला किती वेळ लागतो हे आपल्या खात्यातील कोणाला ठाऊक नसावे. आरामशीनवरून आडजात लाकडाचे तुकडे आणायचे, वाकसाने धड तासायचे, पटाशीने वशिंड आणि मान काढायची, शिंगे वेगळी करून बसवायची, काचकागद मारायचा, मग पाटा, चार चाके आणि रंग. पावसाळ्यात रंग वाळत नाही, म्हणून माझ्या घरात महिनाभर चुलीच्या वरच्या फळीवर बैल ओळीने उभे होते आणि माणसे ओसरीत झोपत होती. लाकूड आणि रंगासाठी पत्नीची एकदाणी गहाण ठेवून महिना शेकडा तीन रुपयांनी 20,000 रुपये उचलले. एकशे साठ बैल झाले, तेव्हा निरोप आला की काम थांबवा.

कारण काय, तर बैलांवर आयएसआयचे चिन्ह नाही. महोदय, महादेवाचा नंदी आजवर कोणत्या प्रयोगशाळेत तपासला गेला होता? पण चेष्टा बाजूला ठेवतो. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते चिन्ह सक्तीचे झाले, हे खरे आहे. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, हेही तितकेच खरे आहे. ते ओळखपत्र माझ्याजवळ आहे. मी ते टेबलावर ठेवले. समोरच्या साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि “आता खरेदी पोर्टलवरून झाली आहे” असे सांगून परत दिले. म्हणजे नियम नंतर सापडला, खरेदी आधीच झाली होती.

जे आले ते आपण पाहिलेच आहे. प्लास्टिकच्या लाल गाड्या. नगाला 310 रुपये लागले असे कानावर आले. ठोक बाजारात तसली गाडी शंभर-सव्वाशेला मिळते, असे आमचा खेळणीवाला सांगतो. हिशेब चुकत असेल तर तुम्ही बरोबर करून छापा, मी जाहीर माफी मागेन. टोकने 340 वाटली होती, गाड्या 260 आल्या. उरलेली ऐंशी लेकरे बिस्किटाचा पुडा घेऊन घरी गेली. त्यांच्या आया निंदणाची मजुरी बुडवून सकाळपासून रांगेत होत्या. बसस्थानकापासून शाळेपर्यंत तुमच्या स्वागताचे फलक मात्र मी स्वतः मोजले, ते बावीस होते. त्यातला एकही कमी पडला नाही.

आपण पोहोचलात तेव्हा आखरावर पोळा फुटून गेला होता, म्हणजे जमलेले बैल पांगले होते. बोजारा मागण्याची वेळ टळू नये म्हणून ज्यांच्याजवळ बैल होते ती मुले केव्हाच गावात पांगली होती. रांगेतल्यांना हलता येत नव्हते, कारण छायाचित्र बाकी होते. आमच्या गल्लीतला सहा वर्षांचा एक पोरगा संध्याकाळी त्या गाडीला नाडा बांधून ओढत माझ्या दारात आला. पाण्याच्या टाकीपाशीच तिचे पुढचे चाक निघाले होते, ते त्याने मुठीत धरले होते. मी विचारले, “बैल कुठी हाय रे?” तो म्हणाला, “सायबानं बैल नाई, गाडी देली.” मी गाडी उलटी करून आयएसआयचे चिन्ह शोधले. तिथे तुमच्या छायाचित्राचा स्टिकर होता.

मला त्या पोराएवढे वाईट वाटले असे म्हणणे ढोंग होईल. मला माझेच जास्त वाटले. सतरा वर्षांचा असल्यापासून हातात वाकस आहे. बैलगाड्या गेल्या, वखर-तिफण गेली, ट्रॅक्टर आले, दरवाजे लोखंडाचे झाले, तरी आमच्या घराने तान्ह्या पोळ्याचा बैल सोडला नाही. 2023 च्या सप्टेंबरात केंद्राची विश्वकर्मा योजना आली. त्यातल्या अठरा व्यवसायांत सुतारही आहे आणि खेळणी बनवणाराही. मी प्रशिक्षण घेतले, प्रमाणपत्र मिळाले, अवजारांसाठी 15,000 रुपयेही मिळाले, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पाच टक्के व्याजाचे एक लाखाचे कर्ज मात्र बँकेने आज-उद्या करत दिले नाही, म्हणून एकदाणी सावकाराकडे गेली. दिल्लीच्या कागदावर मी विश्वकर्मा आहे आणि माझ्याच गावात दरपत्रक देण्याच्याही लायकीचा नाही.

आणि हे केवळ बैलांचे नाही. 2024-25 मध्ये राज्यभर एकसारखा गणवेश वरून शिवून देण्याची हौस झाली; शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी पोरे जुन्याच कपड्यांत होती आणि गावातला शिंपी यंत्रापुढे रिकामा बसला होता. शेवटी डिसेंबरात शासनालाच तो अधिकार शाळा समित्यांकडे परत द्यावा लागला. गरिबाला काही द्यायचे म्हटले की ते लांबूनच आले पाहिजे, ट्रकमधून उतरले पाहिजे आणि त्यावर कोणाचे तरी तोंड छापलेले असले पाहिजे, असा काही शासन निर्णय निघाला आहे काय? शेजारच्या माणसाने केलेली वस्तू शेजारच्या लेकराला दिली, तर मध्ये कोणाचेच काही राहत नाही. अडचण बहुधा तीच असावी.

माझी मागणी मोठी नाही. या वाटपासाठी नगरपंचायतीने किती दिले, व्यापाऱ्यांनी किती दिले आणि कोणाला किती दर लावला, हे कार्यालयाच्या फलकावर लावावे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे तिकीट लावून मी अर्ज दिला आहे. पण तीस दिवसांनी “माहिती उपलब्ध नाही” असे उत्तर येण्यापेक्षा तुम्ही एक फोन केलात तर बरे होईल. बिस्किटांवर परत गेलेल्या ऐंशी मुलांची नावे यादीत आहेतच.

त्या संध्याकाळी मी आमच्या गल्लीत 39 बैल वाटले, त्याचे पैसे मागत नाही. उरलेले 121 माझ्या ओसरीत उभे आहेत. ठरलेल्या भावाने त्यांचे 30,250 रुपये होतात. ते देणे नियमात बसत नसेल, तर बैल तसेच घेऊन जा आणि त्या ऐंशी घरी पोहोचवा. न्यायला येणाऱ्याने सोबत पोते आणावे, शिंगे नाजूक आहेत. पत्नीने जुन्या लुगड्यांच्या झुली शिवल्या आहेत, त्या वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत. त्यांचा दर आम्ही लावलेला नाही.

आपला,
एक सुतार